पाचवी बाटली

चार बाटल्यांपर्यंत मी फार उदार बाई होते. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका तसं बोलून दाखवायच्या आणि मी मान खाली घालून, संकोचल्यासारखं करून ते सगळं ऐकून घ्यायची. पाचव्या बाटलीपाशी माझं पितळ उघडं पडलं. ते कोणी उघडं पाडलं नाही, माझ्याच तोंडाने पडलं, हे आधीच सांगून टाकते.

माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता. मी खेरडीच्या शाळेत मराठी शिकवते, पण त्या वेळी बाळंतपणाच्या रजेवर होते. नवरा सिल्वासाला सरकारी कचेरीत. राहायला सामरवरणीला, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे, माहेर-सासर दोन्ही रायगडकडचं. तळमजल्यावर यावलकडचं एक तडवी कुटुंब राहायचं. तडवी म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे, खानदेशातले मुसलमान, घरातली बोलीसुद्धा तिकडची मराठीच. मुलगा धाग्याच्या कंपनीत पाळीवर जायचा, सून घरी, आणि सोबत मुलाची आई. तिला आम्ही सगळ्याच खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. त्या घराशी माझे संबंध चांगले होते. ईदला शीरखुर्मा खाली जायचा, खालून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी वर यायच्या. पण खरं सांगायचं तर मी त्यांना माझ्यापेक्षा एक पायरी खालचं समजत होते, आणि ती पायरी जिन्याची नव्हती.

दर गुरुवारी दुपारी, जोहरची नमाज झाली की माझ्याकडे सात-आठ बायका तालीमला जमायच्या. धर्माचं पुस्तक कोणीतरी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग त्यावर बोलायचं. मी मास्तरीण, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि समजावून सांगायचं मी स्वतःहून घेतलं. मला ते चांगलं जमतं. समोरच्या बाईचे डोळे भरून आलेले दिसले की मला आणखी चांगलं जमतं.

जानेवारी संपत आला होता. खालाची सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. पण बाईचा रक्तस्राव थांबेना, म्हणून तिला त्याच दिवशी वापीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. बाळ मात्र इथे सिल्वासाला, काचेच्या पेटीत. नवरा कधी तिकडे तर कधी इकडे, आणि खाला दिवसभर बाळाच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर. पावडरचं दूध त्या एवढ्याशा पोटाला मानवेना, पाजलं की उलटून टाकायची. डॉक्टर म्हणाले, आईचं दूध मिळालं तर बघा. आई बेशुद्ध होती.

सोमवारी सकाळी खाला वर आली. चपला दाराबाहेर काढून तिथेच उभी राहिली.

"मास्तरीनबाई, तुले दूध भरपूर हाये, मले माहीत हाये," ती म्हणाली. "माह्या नातीले थोडं देशीन का व माय?"

माझं दूध खरंच भरपूर होतं. पोराने एका बाजूला तोंड लावलं की दुसऱ्या बाजूने झगा भिजायचा. मी लगेच हो म्हटलं. म्हणजे तोंडाने लगेच म्हटलं. मन मात्र दारातच अडून बसलं, आणि त्याला कारण होतं.

आमच्यात दुधाचं नातं रक्ताच्या नात्यासारखं धरतात. परक्या बाळाला बाईने दूध पाजलं की ती त्याची दूधआई होते. तिची मुलं त्या बाळाची भावंडं होतात. त्यांचं आपसांत लग्न होऊ शकत नाही, पडदा राहत नाही, नातं जन्मभराचं होतं. दूध दिलं की नुसतं दूध जात नाही. माझ्या मुलाला एक बहीण मिळणार होती, ती तळमजल्यावरच्या घरातली, आणि तिच्या मागून ते सगळं घर माझ्या घरात येणार होतं. उद्या त्यांचं आजारपण, परवा त्यांचं लग्नकार्य, यावलहून येणारे पाहुणे. मला दुधाचा लोभ नव्हता हो. नातं द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

खालाला "अर्ध्या तासात देते" म्हणून खाली पाठवलं आणि मी अब्बांना फोन लावला. अब्बांनी आयुष्यभर मक्तबात, मशिदीच्या शाळेत, पोरांना शिकवलं. धर्माच्या नियमांतला एखादा मसला विचारला की ते खुलतात. आमच्या कोकणीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दूधआई व्हायला किती वेळा दूध पाजावं लागतं?

"आपल्या शाफईंमध्ये पाच वेळा," अब्बा म्हणाले. "पोटभर, वेगवेगळ्या वेळी. बाळाने स्वतःहून सोडलं की ती एक वेळ झाली."

"आणि बाटलीत काढून दिलं तर?"

"तेही धरतात. पण एकदाच काढलेलं दूध दिवसभर थोडं थोडं दिलं, तर ती एकच वेळ धरावी, असं बऱ्याच मोठ्या लोकांचं म्हणणं आहे."

"आणि चारच वेळा झालं तर?"

"तर काही नाही. परके ते परकेच." मग ते हसले. "हनफी लोकांत मात्र एक घोट गेला तरी झालं. ते आपल्यासारखे मोजत नाहीत. का गो विचारतेस?"

"शाळेत विषय निघाला," मी म्हटलं. मी चार महिने शाळेत गेलेच नव्हते, हे अब्बांच्या लक्षात आलं नाही.

फोन ठेवला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की आज आठवूनसुद्धा कानशिलं तापतात. चार बाटल्या. रोज सकाळी एकदाच काढायचं, एकच बाटली द्यायची. चार दिवसांत बाळाची आई शुद्धीवर येईल. पुण्य पदरात पडेल आणि कोणी गळ्यात पडणार नाही. तळमजल्यावरची माणसं हनफी पंथाची आहेत, त्यांच्या हिशेबात पहिल्याच घोटाला सगळं पक्कं होतं, हे मला कळत होतं. पण तो त्यांचा प्रश्न, असं मी ठरवून टाकलं. धर्मातली इतकी बारीक वाट मला कधी एवढ्या पटकन सापडली नव्हती.

सोमवारी पहिली बाटली गेली. दवाखान्यात नर्सने माझ्या गरोदरपणाची फाईल मागवून सगळे रिपोर्ट तपासले. मंगळवारी दुसरी. खालाने सांगितलं, उलटी थांबली. बुधवारी तिसरी, आणि पेटीतल्या पोरीचं वजन पहिल्यांदा वर सरकलं. खाला बाटली रुमालात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात ठेवून, अंडं न्यावं तशी जपून न्यायची. मी गॅलरीतून बघायची. रिक्षा वळून दिसेनाशी झाली की मनात म्हणायची, झाल्या तीन.

गुरुवारी सकाळी चौथी गेली. त्याच दुपारी तालीम होती आणि पुस्तकात पुढचं प्रकरण होतं बुख्लचं, म्हणजे कंजूषपणाचं. मी ते टाळू शकले असते. पण मी चार बाटल्या दिलेली बाई होते, मी कशाला टाळू?

मी वाचलं आणि समजावलं. कुराणात अशा नमाजी लोकांना दोष दिला आहे, जे शेजाऱ्याला वापरायची साधी वस्तूसुद्धा देत नाहीत. मीठ, सुई, पातेलं, असली वस्तू. मग मी दोन शब्दांतला फरक सांगितला, तो मला फार आवडतो. बुख्ल म्हणजे हात आखडता घेणं, ते लोकांना दिसतं. शुह्ह म्हणजे मनाचा लोभ. तो हात देत असतानाही आत बसून ओढ धरतो, आणि त्यापासून जो वाचला तोच तरला. बायका अगदी गप्प होऊन ऐकत होत्या. माझा आवाज छान लागला होता.

खाला त्या दिवशी बाळाजवळ मुलाला बसवून मुद्दाम आली होती. माझं बोलणं संपल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "ही पाहा, जे वाचते ते करते. माह्या नातीची दूधमाय झाली ही. आता माही नात एकटी नाही."

बायकांनी "माशाअल्लाह" म्हटलं. शेजारच्या विंगमधली एकजण थट्टेत म्हणाली, "मग मास्तरीणबाई, आता लेकीच्या लग्नात तुमच्याकडून काय येणार? दूधभावाला तर पहिला मान!" सगळ्या हसल्या. खालासुद्धा हसली. मला मात्र वाटलं, हे सुरू झालं. आजच सुरू झालं.

"अजून नाही," मी म्हटलं.

कोणाला काही कळलं नाही. मला तिथेच थांबता आलं असतं. पण मी मास्तरीण ना, खुलासा केल्याशिवाय कशी राहणार?

"आमच्या शाफईंमध्ये पाच वेळा लागतात," मी सांगितलं. "चारच झाल्यात. नातं होत नाही चारात."

खाला माझ्याकडे बघत राहिली. तिला पहिल्यांदा अर्थ लागला नाही, मग हळूहळू लागला, आणि तो तिच्या चेहऱ्यावर लागताना मी बघितला.

"म्हंजे तू मोजू राह्यली व्हती का व?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. तेव्हा तीच उठली, पदर सारखा केला आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला व बायांनो, तिच्या लेकराची झोपायची येळ झाली." माझी लाज झाकायला तिनेच सगळ्यांना बाहेर काढलं. जाताना चपला घालून तिने दार हळूच ओढून घेतलं.

शुक्रवारी सकाळी मी ठरलेल्या वेळेला बाटली उकळून ठेवली. खरं तर पाचव्या दिवशी काय सबब सांगायची ते मी आधीच ठरवलं होतं, दूध कमी झालंय म्हणून. पण गुरुवारची रात्र सरळ गेली नव्हती. मी मनाशी म्हटलं, ती आली तर देईन. आली तर. म्हणजे इथेही तिनेच जिना चढायचा होता.

नऊ वाजले, दहा वाजले. जिन्यावर चपला वाजल्या की मी दाराशी जायची. एकदा गॅसवाला, एकदा वरच्या मजल्यावरची पोरं. साडेदहाला खाली रिक्षाचा आवाज आला. गॅलरीतून बघितलं तर खाला रिक्षात बसत होती, हातात नुसती कापडी पिशवी. बर्फाचा डबा नव्हता. मी हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. माझा मुलगा आत रडायला लागला होता. मी आत गेले, त्याला घेतलं, आणि स्वतःला सांगितलं की मूल रडत होतं म्हणून हाक मारता आली नाही. जुम्म्याची नमाज करून नवरा जेवायला घरी आला. माझा चेहरा बघून त्याने विचारलं, मी त्याला भात वाढला. दिवसभर छाती ठणकत होती.

शनिवारी सकाळी तोच दूध आणायला खाली गेला आणि बातमी घेऊन वर आला. पोरीला काल दिवसभर पावडरचं दूध दिलं, रात्री पोट फुगलं, हिरवी उलटी झाली. डॉक्टर काही सांगत नाहीत.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट क्रमाने आठवत नाही. दूध काढून बाटलीत भरलं, एवढं आठवतं. मुलाला नवऱ्याकडे दिलं, झग्यावर बुरखा चढवला आणि रिक्षा केली. सिल्वासाकडे जाताना वापी रोडला ट्रकच्या रांगेत रिक्षा अडकली. समोर टँकर, मागे कंटेनर. पुढचे ट्रकवाले खाली उतरून एकमेकांशी गप्पा मारत होते. बाटली मी छातीशी धरली होती, ती अजून कोमट होती. मी मोठ्याने दुवा मागत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

वॉर्डाच्या दाराशी खाला होती. दोन दिवसांत ती म्हातारी दिसायला लागली होती. मी बाटली पुढे केली.

"ही पाचवी," मी म्हटलं. तेही बोलायला नको होतं. पण मला वाटलं, तिला कळलं पाहिजे की मी मोजून आले आहे आणि तरी आले आहे.

खालाने बाटलीकडे बघितलं, घेतली नाही. "डॉक्टरनं तोंडातून सगळं बंद केलं व माय. नुसतं सलाईन. आता कोनाचंच नाही चालत."

नर्स बाहेर आली, बाटली बघून म्हणाली, "बेन, हमणां नहीं. पेट खाली रखना है." मी तिला विचारलं, काल माझं दूध मिळालं असतं तर हे झालं नसतं का? ती चांगली बाई होती. म्हणाली, अशा बाळांना हे कशानेही होतं, सांगता येत नाही. सांगता येत नाही, हे उत्तर मी अजून सोबत घेऊन फिरते.

मी खालाच्या शेजारी बाकड्यावर बसले. माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाहीत, पण "मला माफ करा" एवढं स्पष्ट म्हटलं. ती म्हणाली, "आमच्यात त एका घोटात होते, मास्तरीनबाई. आम्ही त सोमवारपासूनच तुले धरलं. तुह्यं तू पाह्य."

सलग तीन दिवस मी रोज सकाळी ताजं दूध काढून त्या बाकड्यावर जाऊन बसले. आज देतील, आज देतील. रोज दुपारी ते बेसिनमध्ये ओतून घरी यायची. शनिवार, रविवार, सोमवार. काचेतून ती दिसायची, मुठीएवढी, पोटावर निळसर शिरा, नाकात नळी. तिच्यासाठी मी इतकं मागितलं की माझ्या पोरासाठीसुद्धा कधी मागितलं नव्हतं. हे बोलायला बरं दिसत नाही, पण तसंच झालं.

मंगळवारी पोट उतरलं. डॉक्टर म्हणाले, चमचा-चमचा सुरू करा. मी बाटलीचं झाकण उघडलं. त्याच वेळी पायऱ्यांवर गडबड झाली. पोरीची आई आली होती. सोमवारी रात्री वापीहून तिला सोडलं होतं. भिंतीला धरत, नवऱ्याच्या आधाराने ती आली. चेहरा कागदासारखा पांढरा, आणि कुडत्यावर छातीशी दोन ओले डाग.

नर्सने तिला आत घेतलं. माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "अब मम्मी आ गई, बेन." तिला वाटलं, मला आनंद होईल. झालाही. शपथेवर सांगते, आधी आनंदच झाला. मग मी बाटलीचं झाकण लावलं.

तीन आठवड्यांनी पोरगी घरी आली. मी खाली गेले, तान्ह्या बाळाला न्यायचं ते सगळं नेलं, झबली, दुपटं, चांदीचा छोटा वाळा. सून अंथरुणावरून उठायला बघत होती, मी तिला बसवलं. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. जायची वेळ झाली तरी मी उठेना, तेव्हा खालाने विचारलं, "काय व?"

मी मागितलं. आयुष्यात कधी काही मागताना मला इतकं जड गेलं नव्हतं. म्हटलं, तुमच्याकडे झालंय, पण माझ्याकडे एक वेळ कमी आहे. एकदा मला हिला पाजू द्या. एकदाच.

सुनेला आधी काही कळलं नाही. तिला बहुतेक कोणी काही सांगितलंच नव्हतं. तिने खालाकडे बघितलं. खालाने मान हलवली. सुनेने दोन्ही हातांनी आपली लेक उचलून माझ्या मांडीवर दिली. एवढ्या मोठ्या जिवाच्या संकटातून वाचलेली, एकुलती एक, आणि दुसऱ्या बाईने मागितल्याबरोबर दिली. मोजलं नाही, का ते विचारलं नाही.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि पोरीला छातीशी घेतलं. माझं दूध तर तिला बघूनच सुटलं होतं. तिने वास घेतला, ओठ लावले. मग तोंड बाजूला केलं. मी पुन्हा लावलं. तिने पुन्हा मान फिरवली, आणि एवढ्याशा हाताने मला लोटल्यासारखं केलं. एक थेंब तिच्या गालावरून कानाकडे ओघळला. मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा ती रडायला लागली.

खालाने वाकून तिला माझ्याकडून घेतलं आणि तिचा गाल पुसला.

"राहू दे व माय," ती म्हणाली. "तिचं पोट भरलं हाये."